वस्ती : आहे / नाही

(तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराबाहेरचा जिना. भर दुपार. दार आत उघडं आहे, पण चौकटीत जाड लाल कापड घट्ट ताणून बसवलंय आणि कापडाच्या पोटात मोठा पंखा फिरतोय. बाहेर पायरीवर दोघं: जुन्या इमारतींच्या भिंतींत फोम भरणारा म्हातारा मिस्त्री, आणि ते काम तपासायला आलेली तपासनीस. घरात मिस्त्रीची मोठी बहीण आहे.)

तपासनीस: शून्य.

मिस्त्री: मी म्हटलं होतं.

तपासनीस: पंखा लावू नका म्हटलं होतं तुम्ही. शून्य येईल असं नव्हतं म्हटलं. थांबा, परत बघते. शून्यच. मिस्त्री, नळीवर पाय नाही ना तुमचा?

मिस्त्री: दोन्ही पाय माझ्याच खाली आहेत. हातही बघून घ्या, टोपीला धरलेत.

तपासनीस: बारा वर्षं हे धूड खांद्यावर टाकून जिने चढतेय मी. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आणि फटींमधून बाहेरची जेवढी आत घुसते तेवढा आकडा. नव्याकोऱ्या इमारतीतसुद्धा शून्य येत नाही. नळाच्या बुडाशी गळतं, दिव्याच्या बटणामागून गळतं, खिडकीच्या बिजागरीतून गळतं. घर म्हणजे काही बरणी नव्हे.

मिस्त्री: हे झालंय. झाकण तेवढं आज तुम्ही लावलंत.

तपासनीस: ऑफिसात मला आधीच सावध केलं होतं. म्हणाले, तिथे फुग्या मिस्त्री भेटेल. हात चोख, तोंड सैल.

मिस्त्री: फोम फुगतो म्हणून फुग्या.

तपासनीस: गोष्टी फुगवता म्हणून, असं म्हणाले. गेल्या साली साहेबांना सांगितलंत म्हणे, की मागच्या गल्लीतली एक लिफ्ट रोज दुपारी सहाव्या मजल्यावर जाऊन थांबते. साहेब बघायला गेले. इमारत पाच मजल्यांची.

मिस्त्री: ती थाप होती. जेवणाच्या सुट्टीत वेळ जात नव्हता. एका इमारतीत मी इतका ठासून फोम भरला की ती वीतभर जाड झाली आणि शेजारची तिला म्हणाली, बाई गं, जरा सरकून बस, तीही थापच. पण नव्या बसवताना काढलेल्या जुन्या खिडक्यांचा ढीग गल्लीच्या टोकाला एवढा झालाय की संध्याकाळचं ऊन मावळायचं सोडून तिथे मुक्कामाला राहतं, ते मात्र तुम्ही येताना बघितलं असेल.

तपासनीस: ढीग बघितला. निम्म्या काचा धड आहेत. कुठे जाणार तो माल?

मिस्त्री: काढलेल्या मालाला आमच्या धंद्यात बाप नसतो. आणि फोमचे ते पांढरे कण, ते गटारातून कुठवर पोचतात हेही कोणी बघायला जात नाही. गल्ली विजेची बचत करते, एवढं सगळ्यांना पुरतं. मलाही पुरत होतं. पण मॅडम, आज मी थाप मारत नाहीये. आजपर्यंत ज्या मारल्या त्या सगळ्यांची माफी मागतो, हवं तर एकेकीची वेगवेगळी. तुम्ही त्या कागदावर सही करू नका.

तपासनीस: सही का करू नको? शून्य आलंय. हा आकडा वर गेला तर ऑफिसात या इमारतीचा फोटो लागेल. माझाही लागेल, कोपऱ्यात.

मिस्त्री: तुम्ही सही केली की चार वाजता माणसं येऊन परांची उतरवतात. परांची गेली की बाहेरच्या भिंतीत मी बुजवलेल्या वरच्या भोकांपर्यंत माझा हात पोचत नाही. आणि मग ती आत राहते.

तपासनीस: कोण राहते?

मिस्त्री: ताई. माझी सख्खी मोठी बहीण. हे तिचं घर.

तपासनीस: कापड लावायच्या आधी मी हाक मारली तेव्हा आतून हो म्हणाल्या त्याच ना? चांगल्या खणखणीत वाटल्या. बाहेर बोलवा की त्यांना.

मिस्त्री: तीन आठवडे बोलावतोय.

तपासनीस: हे बघा, मला अजून दोन घरं मोजायची आहेत. जे आहे ते सरळ सांगा. पहिल्यापासून, आणि न फुगवता.

मिस्त्री: न फुगवता म्हणजे मला जरा हळू बोलावं लागेल, सवय नाही. ही भिंत पश्चिमेची. उन्हाळ्यात तिच्यावर तळहात ठेवला तर तो परत मागून घ्यावा लागायचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी ताई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. दिवसभर कोणाला पत्ता नाही. दार मी फोडलं. तेव्हाच मनाशी ठरवलं, धग अडवायला या गल्लीतल्या भिंतींत फोम भरायची यादी निघेल तेव्हा हिची इमारत पहिली. साहेबांच्या इतक्या मागे लागलो की त्यांनी मला टाळायला जिना बदलला. हे खरं आहे.

तपासनीस: पुढे.

मिस्त्री: इमारत पहिली लागली. ताईला सांगितलं. ती म्हणाली, भर बाबा, पण माझ्या खिडकीच्या वरची वळचण तेवढी सोड. तिथे पाकोळ्या आहेत. पाकोळ्या माहीत आहेत ना तुम्हाला? काळ्या, कोयत्यासारखे पंख. जमिनीवर म्हणून उतरत नाहीत. पाय एवढुसे, भिंतीला लोंबकळण्यापुरते. खाली पडली तर परत उठता येत नाही तिला. पिसं, काड्या हवेतच पकडते आणि थुंकी लावून चिकटवते, असं घर बांधते. गच्चीच्या कठड्याखाली त्यांची भोकं होती. ताई आमची टपाल कचेरीत होती, अडतीस वर्षं पाकिटं चिकटवायला. निवृत्त झाली आणि रोज संध्याकाळी खिडकीत उभी राहून परत आलेल्या पाकोळ्या मोजायला लागली. मी चेष्टा करायचो. म्हणायचो, हजेरीपुस्तक आणून देऊ का. ती म्हणायची, तुझ्यापेक्षा वेळेवर येतात.

तपासनीस: आणि तुम्ही वळचण सोडली नाहीत.

मिस्त्री: वळचण सोडली तर भिंत भरून उपयोग काय? टोपी घालून टाळू उघडी ठेवण्यातली गत. ताईला आठवडाभर माझ्या मुलीकडे पाठवलं. भाचीकडे म्हटल्यावर हसत गेली. आणि मी सगळं भरलं.

तपासनीस: तुमचा फॉर्म आहे माझ्याकडे. कामाआधीच्या पाहणीचा. हा बघा, रकाना सहावा. "वस्ती : आहे / नाही." तुम्ही "नाही" वर खूण केली आहे.

मिस्त्री: केली.

तपासनीस: पाकोळ्या आहेत हे माहीत असताना?

मिस्त्री: मॅडम, पंचवीस वर्षं या फॉर्मात तो रकाना आहे. वस्ती म्हणजे घरात माणसं राहतायत की घर रिकामं, एवढंच आम्हाला ठाऊक. माणसं असली तर सामान झाकायचं, नसली तर सरळ कामाला लागायचं. ताई भाचीकडे, घर रिकामं. मी "नाही" केलं.

तपासनीस: पान उलटलंत का? मागे सूचना आहे. वाचते. "भिंतीतील पोकळी, वळचण व झरोके यांत पक्षी, वटवाघळे इत्यादींची वस्ती आढळल्यास भोके बुजवू नयेत व तपासनिसास कळवावे." चार वर्षं झाली रकान्याचा अर्थ बदलून.

मिस्त्री: अर्थ बदलला, शब्द तोच ठेवला. आणि पान उलटणारा मिस्त्री मी अजून बघितला नाही. पाठीमागे काय आहे ते बघायची आम्हाला सवय असती तर खिडक्यांचा ढीग झाला नसता.

तपासनीस: बरं. ही चूक झाली. लेखी घेते. पण त्याचा आणि शून्याचा काय संबंध?

मिस्त्री: ताई परत आली. संध्याकाळी खिडकीत उभी राहिली. काम चालू असताना ज्या बाहेर होत्या त्या आल्या. भोकाच्या जागी गिलावा. तरी येऊन त्याच जागी धडकायच्या. तीन दिवस आल्या. मग नाही आल्या. ताईने ओट्यापाशी जाऊन आधण ठेवलं. चहा दिला. साखर किती घालू, विचारलं. मॅडम, माझ्या साखरेबद्दल तिने मला जन्मात विचारलं नव्हतं. तो चहा मला अजून गिळायचाय.

तपासनीस: पुढे सांगा.

मिस्त्री: गल्लीत तर चिलटं इतकी झाली की दिव्याखाली उभं राहून जांभई देता येईना. सगळे म्हणाले, हवा बदलली. मीही मान डोलावली. आठव्या दिवशी ताईकडे गेलो, तर न्हाणीघराचा झरोका बंद. मला वाटलं तिनेच बोळा कोंबला. काढून बघितलं. पिसं. काळी, बारीक, एकात एक विणलेली, आणि वरून वाळलेल्या थुंकीचा चकाकता थर. दुसऱ्या दिवशी परत. मग खिडकीच्या फटी. मग बटणांच्या पेटीमागची जागा. मग नळाचं बूड. मी काढायचो, रात्रीतून परत व्हायचं. आतून, मॅडम. सगळं आतल्या बाजूने. आम्ही त्यांना लिंपलं, आता त्या आम्हाला लिंपतायत. माझ्यापेक्षा काम सुबक आहे.

तपासनीस: घूस असेल.

मिस्त्री: घूस काढते. भरत नाही.

तपासनीस: मिस्त्री, पाच आठवडे झाले तुमच्या कामाला. भिंतीत फोम आहे. तिथे खातील काय, पितील काय?

मिस्त्री: जिवंत आहेत असं मी म्हटलेलं नाही.

तपासनीस: मला हे असलं ऐकवू नका. बेलची वायर आत जाते ते भोक कुठलं? हेच ना? यातून हवा यायलाच हवी. माझी पेन्सिल धरा. नको, मीच करते. काहीतरी आहे आत. मऊ आहे. एक मिनिट. हे बघा, निघालं.

मिस्त्री: मला दाखवू नका. मी असे दोनशे बोळे काढलेत.

तपासनीस: आकडा हलला. दोन. चार. नऊ. बघा, आता कसं खरं घर वाटतंय. म्हणजे यंत्र ठीक आहे. सहा. तीन.

मिस्त्री: वाचत राहा.

तपासनीस: शून्य.

मिस्त्री: भोकाला डोळा लावू नका, मॅडम.

तपासनीस: लावत नाहीये. मिस्त्री, हा बोळा ओला आहे.

मिस्त्री: असतो.

तपासनीस: आणि याच्या आतल्या बाजूवर अंगठ्याचा ठसा आहे. रेषा दिसतायत. माणसाच्या अंगठ्याचा.

मिस्त्री: हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो.

तपासनीस: पंखा बंद करते मी. झाला. एक मिनिटात कापड सैल पडेल, मग आपण ते काढू आणि आत जाऊ.

मिस्त्री: कापडाकडे बघा.

तपासनीस: आत ओढलेलंच राहिलंय. बरोबर आहे, हवा यायला जागाच नाही. चौकटीचा स्क्रू ढिला केला की येईल. झाला ढिला, कापड सैल पडलं. आता बाहेर फुगतंय. आत गेलं. बाहेर. मिस्त्री, पंखा बंद आहे. वायर माझ्या हातात आहे.

मिस्त्री: हळूहळू मोजा. आत, बाहेर. माझ्या श्वासाहून लहान आहे, ताईच्याहून मोठा. दाराच्या पडद्यावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जिन्यावरच बसलो.

तपासनीस: बाई, ऐकू येतंय का? मी तपासनीस. तुम्ही बऱ्या आहात ना?

ताई: मघाशी हो म्हटलं की, पोरी. किती वेळा हो म्हणू?

तपासनीस: कापड काढून आत येऊ का आम्ही?

ताई: नको. गार झुळूक शिरते. आताच कुठे नीट लागलंय सगळं.

मिस्त्री: ताई, तू कुठून बोलतेस?

ताई: माळ्यावरून.

मिस्त्री: कशाला चढलीस? स्टूल तर मी नेलंय.

ताई: स्टूल लागतं कशाला?

तपासनीस: बाई, माळा किती उंचीवर आहे तुमचा?

ताई: पुरतो. फुग्या, या मुलीला खुर्ची तरी दिलीस का? की जिन्यावर उभी करून गोष्टी सांगतोयस?

मिस्त्री: डबा तसाच आहे बाहेर. कालचा पण. तू जेवत नाहीस.

ताई: भूक नसते रे. इथे छान आहे. उकडत नाही, गोंगाट नाही. पंधरा दिवस दिवा लावला नाही, मीटर जागचं हललेलं नाही. तुला हेच हवं होतं ना? तुझ्या साहेबांना सांग, योजना उत्तम आहे.

तपासनीस: बाई, तुमच्या भावाने फॉर्म चुकीचा भरला. त्यांना रकान्याचा अर्थ माहीत नव्हता. त्यांनी आत्ताच माझ्यापाशी कबूल केलं.

ताई: काय कबूल केलं?

तपासनीस: वस्ती म्हणजे माणसांची, असं त्यांना वाटलं.

ताई: असं सांगितलं होय. छान सांगितलं. फुग्या, लहानपणी आईची बरणी तुझ्या हातून फुटली तेव्हाही तू बरणीचं झाकण कसं सैल होतं ते तासभर सांगत होतास.

मिस्त्री: ताई, फॉर्मचं खरंच तसं झालं.

ताई: फॉर्मचं झालं असेल. भोकाचं सांग.

तपासनीस: कुठल्या भोकाचं?

मिस्त्री: मॅडम, जरा यंत्र आवरून घ्या, मी तेवढ्यात हिच्याशी...

ताई: तिच्यासमोरच सांग. इतके आठवडे दाराबाहेर बसून वेडा झाला नाहीस, आता काय होतंय?

मिस्त्री: भोकं वीस होती. तेरा मी ड्रिल करून पाडलेली, सात त्यांची, आयती. आयतं भोक मिळालं की मिस्त्रीला बरं वाटतं, ड्रिल वाचतं. खालून भरत वर आलो. चौदावं भोक त्यांचं होतं. नळी आत घातली आणि आतून आवाज आला.

तपासनीस: पाकोळ्यांचा?

मिस्त्री: मोठ्यांचा नव्हे.

तपासनीस: पिल्लं होती.

मिस्त्री: आमचं काम असं असतं मॅडम, दोन पातळ द्रव असतात, ते नळीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि फुगतात. एकदा सुरू झालं की थांबता येत नाही. मधे थांबलात तर नळीतच दगड होतो, नळी गेली, दिवस गेला. मिश्रण सुरू झालं होतं. म्हणून मी थांबलो नाही.

ताई: फुग्या.

मिस्त्री: सुरू झालं होतं गं.

ताई: बरं. मग झालं. जा आता, तिला पुढची घरं मोजायची आहेत.

तपासनीस: मिस्त्री, कापड परत आत ओढलं जातंय. पंखा बंद आहे आणि आत ओढलं जातंय.

मिस्त्री: सुरू झालं नव्हतं.

तपासनीस: काय?

मिस्त्री: मिश्रण. सुरू झालं नव्हतं. बोट नळीच्या चापावर होतं, चाप दाबलेला नव्हता. तेराव्यानंतर मी नळी धुऊन कोरडी केली होती. मला नीट ऐकू आलं. मी कान लावून परत ऐकलं. ताई म्हणाली होती तेही आठवलं. परांचीवर बसून मी जवळजवळ एक बिस्किट खाण्याएवढा वेळ विचार केला. मग म्हटलं, हिला उन्हात परत पडलेली बघायची नाही मला. म्हटलं, पाखरंच आहेत. म्हटलं, विचारलं कोणी तर एखादी गोष्ट सांगू, आपल्याला काय कमी आहेत गोष्टी. आणि दाबला. आवाज एकदम नाही थांबला. फोम फुगायला वेळ लागतो. हळूहळू थांबला.

ताई: हं.

मिस्त्री: उरलेली सहा भोकं मी कान न लावता भरली.

तपासनीस: कापड थांबलंय.

ताई: आता बरोबर सांगितलंस.

मिस्त्री: तुला कसं कळलं? तू तर पोरीकडे होतीस.

ताई: इथे मला सांगणारे पुष्कळ आहेत. पहिल्या रात्री फार ओरडत होत्या. मग मी भिंतीला टेकून झोपायला लागले तशा शांत झाल्या. त्यांना उजेड सोसत नाही आता. वारा लागला की थरथरतात. एवढी एवढी पिसं, सगळी उपटून दिली त्यांनी फटींना. त्यांना पुरत नव्हतं म्हणून मी मदत केली. चिकटवायचं काम माझ्या हातचं आहे, तुला माहितीये.

मिस्त्री: ताई, ये बाहेर. मी वरची सगळी भोकं मोकळी करतो. आजच. हाताने खरवडून काढतो फोम, ड्रिल लावणार नाही. तुझी खोली तापली तर तापू दे, मी रोज येऊन पंख्याने वारा घालीन. तू मला वाटेल ते बोल. नाहीतर साखर विचार, तेही चालेल. पण खाली ये.

ताई: तू आधी विचारलं असतंस तर दोघं मिळून काहीतरी काढलं असतं. खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावला असता. एवढी काही मी हट्टी नव्हते.

मिस्त्री: नव्हतीस.

ताई: आता खाली यायचं अवघड आहे रे. पाय टेकवून बघितले मी परवा. टेकवले की परत उठता येत नाही. रात्रभर फरशीवर होते. शेवटी त्यांनीच उचललं.

तपासनीस: मिस्त्री, परांची उतरवणाऱ्यांचा नंबर सांगा.

मिस्त्री: खाली आलेच असतील ते. मुकादमाचा आहे, हा घ्या.

तपासनीस: हॅलो. हो, तपासणीवरून बोलतेय, तिसरा मजला. परांचीला हात लावायचा नाही. नाही, आज नाही, मी सांगेपर्यंत नाही. हो, गल्लीतल्या पुढच्या इमारतींचंही काम थांबवा. साहेबांना मी सांगते. कारण लिहून देते ना. पक्षी. हो, पक्षीच म्हटलं मी. हसून झालं की सांगा.

मिस्त्री: हसले?

तपासनीस: हसले. विचारतायत, फुग्या तिथे आहे का.

मिस्त्री: तुमचा फोटो जाईल, मॅडम. कोपऱ्यातला.

तपासनीस: जाऊ दे. शून्य आलं त्याचा फोटो मला घरी कोणाला दाखवता आला नसता. तुमचा जुना फॉर्म मी रद्द करतेय. नवीन भरते, माझ्या हाताने. तुम्ही खाली सही करायची, आणि आता पान उलटून वाचून करायची. रकाना सहावा. वस्ती : आहे.

मिस्त्री: मोठ्या अक्षरात लिहा.

तपासनीस: लिहिलं. "वळचणीतील सात भोके बुजविलेली आढळली, तातडीने मोकळी करावीत. करणारा : तोच मिस्त्री." तुमची छिन्नी आहे का बरोबर?

मिस्त्री: छिन्नी नको. चमचा आणलाय. फोम चमच्याने निघतो, आतल्याला लागत नाही. पहिल्या दिवसापासून खिशात आहे. वर चढायचं धैर्य होत नव्हतं एवढंच.

ताई: चौदाव्यापासून सुरू कर.

मिस्त्री: हो. चौदाव्यापासून.

ताई: आणि हळू कर. एकदम उजेड नको.

मिस्त्री: एकेक चमचा करीन.

तपासनीस: थांबा, जाऊ नका, एक ओळ राहिली. "वस्ती आहे" म्हटलं की खाली संख्या भरावी लागते, अंदाजे चालते. कोरी ठेवली तर ऑफिसातून फॉर्म परत येतो.

मिस्त्री: मी कधी मोजल्या नाहीत, मॅडम. मोजायची ती. ताई, ऐकतेस ना? किती आहेत गं आत?

ताई: मला धरून सांगू, की सोडून?